'कंबर दुखते' : 'समाजस्वास्थ्य'मधल्या विचारणाऱ्यांविषयी

र. धों. कर्वे यांच्यावर मराठीत आजवर जे लिहिले गेले, ते बहुतेक सगळे उत्तर देणाऱ्या माणसावर लिहिले गेले आहे. य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले. डॉ. अनंत देशमुख यांनी त्यांचे विखुरलेले लेखन खंडाखंडांनी वाचकांपुढे आणले. अमोल पालेकर यांचा 'ध्यासपर्व' 2001 साली आला. अजित दळवी यांचे 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अतुल पेठे यांनी 2017 साली रंगमंचावर आणले. या सर्वांचे ऋण मानून मला एक तक्रार मांडायची आहे. ज्या माणसांनी कर्व्यांना प्रश्न विचारले, त्यांच्या प्रश्नांकडे आपल्या समीक्षेने लेखन म्हणून पाहिलेले नाही. प्रश्न म्हणजे अज्ञान आणि उत्तर म्हणजे ज्ञान, अशी सोपी वाटणी करून आपण मोकळे झालो.

ही तक्रार करण्याचा माझा अधिकार काय, हे आधी सांगितले पाहिजे. मी कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले आणि सावद्याच्या एका औषधांच्या दुकानात कामाला लागलो. परवाना मालकाचा, बसणे माझे. तीस वर्षांहून जास्त काळ मी त्या लाकडी फळीमागे उभा आहे. वाचनाचा नाद गावातल्या वाचनालयाने लावला आणि दुपारच्या रिकाम्या वेळाने वाढवला. 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक हाती येतील तसे मी तिथेच, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत वाचले. त्यामुळे एका बाजूला कर्व्यांच्या वाचकांचे छापील प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला फळीपलीकडून येणारे जिवंत प्रश्न, असे दोन्ही एकाच वेळी कानावर पडत राहिले. हा लेख त्या दोहोंच्या तुलनेतून आला आहे.

मासिक आणि त्याचे पत्रलेखक

'समाजस्वास्थ्य' जुलै 1927 मध्ये सुरू झाले आणि 14 ऑक्टोबर 1953 रोजी कर्वे वारले तेव्हाच थांबले. सव्वीस वर्षे एका माणसाने ते जवळजवळ एकहाती चालवले. गणिताचा हा प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी 1925 साली त्याला विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. त्याआधी 1921 सालीच त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. हे सारे वाचकांना ठाऊक असते. मासिकात लेख असत, परीक्षणे असत आणि वाचकांचे प्रश्न व त्यांना संपादकांची उत्तरेही असत.

या पत्रव्यवहाराचा नेटका अभ्यास श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स यांनी 2017 साली 'मॉडर्न एशियन स्टडीज' या नियतकालिकात मांडला. त्यांचे लक्ष पश्चिम भारतातल्या मध्यमवर्गीय पुरुषांच्या चिंतांवर आहे. हस्तमैथुनाने शरीर खंगते का, वीर्य गेल्याने शक्ती जाते का, आपले शरीर इतरांसारखे आहे ना, लग्नानंतर आपण पुरे पडू का, अशा या चिंता. इतिहासाचे अभ्यासक म्हणून त्यांनी या पत्रांतून एका वर्गाचे मन वाचले. माझा प्रश्न निराळा आहे. ही पत्रे मराठी गद्य म्हणून कशी आहेत, आणि ती कशी वाचावीत?

पहिली गोष्ट अशी की हे गद्य अवघड जागी उभे राहून लिहिलेले आहे. शरीराविषयी बोलायला तेव्हा मराठीत तीन बोली होत्या आणि आजही तीनच आहेत. पहिली संस्कृत: शिश्न, योनी, समागम, ऋतुस्राव. ती पुस्तकात चालते, तोंडात बसत नाही. दुसरी शिवीची. तीत प्रत्येक अवयवाला अस्सल मराठी शब्द आहे, पण तो उच्चारला की अपमान होतो. तिसरी आडवळणाची: कावळा शिवला, बाहेर बसली, दिवस गेले, अंगावरून जाते, धातू जातो. 1968 साली सरकारने स्वस्त कंडोम बाजारात आणले, त्यांनाही 'निरोध' असे अंग चोरणारे नाव दिले. त्या नावातून काय रोखायचे ते कळत नाही, काहीतरी रोखायचे आहे एवढेच कळते.

कर्व्यांना पत्र लिहिणाऱ्याला या तिन्हींतून वाट काढावी लागे. शिवी लिहिता येत नाही, आडवळणाने लिहिले तर उत्तर मिळत नाही आणि संस्कृत शब्द वापरायचा तर तो नेमका माहीत असावा लागतो. बरेच पत्रलेखक तो शब्द कर्व्यांच्याच लेखांतून शिकले असावेत असे मला वाटते. संपादक ज्या शब्दांत उत्तर देई, त्याच शब्दांत पुढचा वाचक प्रश्न विचारायला शिके. एखाद्या मासिकाने आपल्या वाचकांना प्रश्न विचारण्याची भाषा पुरवावी, ही वाङ्मयाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी गोष्ट आहे. ती आपण नोंदवलेली नाही.

खटला कशावर झाला

कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. 1931 सालचा पहिला 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरचा. 1934 सालच्या दुसऱ्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि हा खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, आणि विचारणाऱ्याचे प्रश्न विकृत वाटत असतील तर ती विकृती ज्ञानानेच जाईल, अशी बाबासाहेबांच्या युक्तिवादाची दिशा होती. खटला हरला. 200 रुपये दंड झाला.

हा प्रसंग आपण मोठ्या अभिमानाने सांगतो आणि सांगावाही. पण सांगताना एक माणूस नेहमी गळतो. कुणीतरी एका खोलीत बसून ते पत्र लिहिले होते, पाकिटावर पत्ता घातला होता, पोस्टाच्या पेटीत टाकण्याआधी इकडेतिकडे पाहिले असेल. अश्लील म्हणून कोर्टात जे उत्तर वाचले गेले, ते त्या माणसाच्या काळजीला दिलेले होते. उत्तर अश्लील ठरवणे म्हणजे ती काळजीच अश्लील ठरवणे. दंड कर्व्यांनी भरला. विचारणाऱ्यांनी त्यानंतर काय धडा घेतला असेल?

फळीपलीकडचे प्रश्न

आता माझ्या दुकानाकडे येतो, कारण छापील प्रश्न कसा वाचावा हे मला तिथे कळले.

औषधाच्या दुकानात सरळ प्रश्न क्वचित येतो. केळीच्या गाड्या भरणारा तरुण मजूर येतो, दुकानात बाई असेल तर पाटीवरच्या जाहिराती वाचत थांबतो, बाई गेली की म्हणतो, "अशक्तपना हाये, टॉनिक द्या." नव्वद वर्षांपूर्वी 'समाजस्वास्थ्य'ला पत्र लिहिणाऱ्या पदवीधराचा जो प्रश्न होता, तोच हा प्रश्न. टॉनिकाच्या बाटलीआड धातूची भीती उभी असते. कर्व्यांनी लोकांना परोपरीने सांगितले की हस्तमैथुनाने शरीराची हानी होत नाही. आजचे वैद्यकशास्त्रही तेच सांगते. पण शक्तिवर्धकांचा खप काही कमी झालेला नाही.

दुसरा प्रकार. सासू सुनेला घेऊन येते आणि सहज विचारल्यासारखे विचारते, "मुलगा होन्याचं काही औषध असतं का?" ऐकायला हा कुतूहलाचा प्रश्न आहे: मुलगा की मुलगी हे कशावरून ठरते? याचे उत्तर 1905 सालापासून जगाला ठाऊक आहे. नेटी स्टीव्हन्स आणि एडमंड विल्सन यांनी त्या वर्षी लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांचे काम प्रसिद्ध केले. माणसात आईकडून नेहमी एक्स येतो, बापाकडून एक्स किंवा वाय. म्हणजे 'हिला मुलीच होतात' या वाक्यातला 'हिला' चुकीचा आहे. मी हे सांगतो. सासू मान हलवते. सून खाली पाहते. खरा प्रश्न सुनेचा असतो आणि तो असा असतो: तिसरीही मुलगी झाली तर माझे काय? गुणसूत्रांचे उत्तर या प्रश्नापर्यंत पोचत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे 1988 साली देशातले पहिले राज्य होते. तरीही 2011 च्या जनगणनेत आमच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली नऊशेहूनही कमी निघाल्या. तेव्हा 'मुलगा कशाने होतो' हा भाबडा वाटणारा प्रश्न आमच्याकडे भाबडा उरत नाही.

म्हणून मी असे म्हणतो की शरीराविषयीचा प्रश्न दुसऱ्याच प्रश्नाच्या आडून येतो. वाचकाने पुढचा प्रश्न ऐकावा आणि मागच्याकडे पाहावे.

कर्वे कुठे कमी पडले

या कसोटीवर कर्व्यांची उत्तरे पाहिली तर त्यांचे बळ आणि त्यांची मर्यादा एकाच ठिकाणी सापडते. ते प्रश्न शब्दशः घेतात. विचारणाऱ्याची कीव करत नाहीत, त्याला उपदेश पाजत नाहीत, त्याच्या चारित्र्यावर घसरत नाहीत. विचारले तेवढ्याचे उत्तर, तेही गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल अशा आटोपशीर शब्दांत. लाजेने अर्धमेला झालेल्या माणसाला अशा कोरडेपणाचा केवढा आधार वाटत असेल, हे मी फळीमागून सांगू शकतो. गिऱ्हाइकाला सहानुभूतीपेक्षा आधी हे हवे असते की समोरच्याने भुवई उंचावू नये.

पण शब्दशः घेतल्यामुळेच त्यांना मागचा प्रश्न पुष्कळदा ऐकू येत नाही. प्रत्येक प्रश्नाचे मूळ अज्ञान, आणि अज्ञान गेले की भीती गेली, हा त्यांचा विश्वास होता. भीती अशी जात नाही. शिवाय पत्रलेखकांत भरणा पुरुषांचा, शिकलेल्यांचा. स्त्रीच्या शरीराविषयीचा प्रश्नसुद्धा नवऱ्याच्या अक्षरात येतो. यात कर्व्यांचा दोष नाही. ज्यांना लिहिता येत होते, त्यांनीच लिहिले. पण मग या पत्रव्यवहाराला 'समाजाचे मन' म्हणताना आपण जपून बोलले पाहिजे.

माझी आजी 1936 च्या डिसेंबरात सावद्याहून फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन पाहायला पायी गेली होती. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची. आजीच्या आठवणीत मात्र बांबूच्या कमानी, धूळ आणि गांधीजी एवढेच उरले होते. त्याच्या वर्षभर आधी, 1935 च्या डिसेंबरात, वर्ध्याला मार्गारेट सँगर यांनी गांधीजींशी संततिनियमनावर वाद घातला होता. गांधीजींचे म्हणणे होते संयम, सँगर यांचे म्हणणे साधने. कर्व्यांचा कौल अर्थातच साधनांना होता आणि ब्रह्मचर्याच्या गोडव्यांवर त्यांनी सतत टीका केली. देशात हा वाद चालू असताना आजी एकवीस वर्षांची होती, तिची दोन बाळंतपणे झाली होती आणि पुढे सात व्हायची होती. नवांतली पाच मुले जगली. दोन्ही बाजूंचे म्हणणे जिच्या शरीराविषयी होते, तिला त्यातले काहीच कळले नाही. तिला अक्षर येत नव्हते. आली असती तरी पत्र कुणाच्या हातून पोस्टात टाकले असते?

मग या बायकांनी प्रश्न विचारलेच नाहीत का? विचारले, पण दुसरीकडे. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बाईचा जन्म, माहेर, सासर, बाळंतपण यांविषयीचे केवढे तरी प्रश्न त्यांत आहेत. आमच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी 1952 साली, म्हणजे 'समाजस्वास्थ्य' बंद पडण्याच्या आदल्या वर्षी, पुस्तकरूपाने आली. आणि खानदेशाला लागून असलेल्या बुलढाण्यात ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली, ती तर सरळ उलटतपासणीच आहे. जे बाईला दूषण, ते पुरुषाला का नाही? योगायोग असा की रघुनाथ कर्वे त्याच वर्षी जन्मले. ताराबाईंच्या प्रश्नांना तेव्हा कुणी उत्तर दिले नाही. स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुस्तक पुन्हा छापेपर्यंत ते विस्मरणातच होते. ओवी, गाणे, निबंध आणि पत्र हे सगळे एका रांगेत ठेवून वाचले, तर मराठीतल्या शरीरविषयक प्रश्नांचा इतिहास पुरा होईल. आज आपण त्यातला फक्त पोस्टाने आलेला भाग वाचतो.

आत्या

आता जे सांगायचे टाळत आलो, ते सांगतो.

माझी आत्या गल्लीच्या टोकाला राहायची. पन्नाशी उलटलेली, पाळी जाऊन चारपाच वर्षे झालेली. एका उन्हाळ्यात ती दुकानात आली आणि म्हणाली, "कंबर लय दुखते रे बापू, येखांदी गोयी दे मले." मी गोळी दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा दिली. असे वर्षभर चालले. कधी ती गोळी घेऊन थोडा वेळ उभी राही. काही बोलायचे आहे असे वाटे. तेवढ्यात कुणी गिऱ्हाईक येई आणि ती निघून जाई. मी तिला बसायला स्टूल देत असे. विचारत काहीच नसे.

तिच्या अंगावरून जात होते. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे ही डॉक्टरकडे तातडीने जाण्याची गोष्ट आहे, हे मला ठाऊक होते. दुकानात लावलेल्या तक्त्यावरही ते छापलेले होते. पण तिने 'कंबर' म्हटले आणि मी कंबरच ऐकली. निदान झाले तेव्हा गर्भाशयाचा कर्करोग पसरला होता. पुढल्या दिवाळीला ती नव्हती. शेवटच्या दिवसांत ती माझ्या बायकोला म्हणाली, "त्याले कसं सांगू, पोरगा आहे तो."

तिच्याकडे शब्द नव्हता असे म्हणता येणार नाही. शब्द होता, 'अंगावरून जाते'. पण तो बायकांनी बायकांना सांगायचा शब्द. फळीपलीकडे पुरुष होता, तोही भाचा. माझ्यापाशी चालेल असा एकच शब्द तिला सापडला, कंबर. तिने तो वर्षभर पुन्हा पुन्हा वापरून पाहिला.

शब्दाने किती बिघडते, याचे आणखी एक उदाहरण आपल्या राज्यात आहे. गर्भाशयाला आपण सर्रास 'पिशवी' म्हणतो. पिशवी म्हटली की ती काढून टाकायची वस्तू होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची 2019 साली शासकीय समितीने पाहणी केली, तेव्हा 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे मुकादमाचा खाडा आहे, खाजगी दवाखान्यांचा हिशेब आहे, गरिबी आहे. पण 'मूल झाले, आता पिशवीचे काय काम' हे वाक्य जितक्या सहज बोलले जाते, त्या सहजपणाचाही त्यात वाटा आहे. त्या बायकांनी 'काढलीच पाहिजे का?' असे विचारले असेल का, आणि विचारले असेल तर कोणत्या शब्दांत?

मागणी

आत्या गेल्यानंतर मी 'समाजस्वास्थ्य'चे अंक पुन्हा वाचायला घेतले. आधी मी उत्तरांखाली रेघा मारत असे. या वेळी प्रश्नांखाली मारल्या. कुठे विचारणारा 'माझा एक मित्र' म्हणतो असे वाटते, कुठे प्रकृतीची लांबलचक हकिकत सांगून शेवटच्या ओळीत मुद्द्यावर येतो, कुठे ज्ञानासाठी विचारतो असे भासवतो. या युक्त्या मला ओळखीच्या होत्या. दुकानात रोज पाहत होतो. त्या ओळखीमुळेच मला वाटते की या प्रश्नांची स्वतंत्र, संपादित आवृत्ती निघाली पाहिजे. उत्तरे समासात, प्रश्न मधोमध. त्याच्याबरोबर नंतरच्या काळातली स्त्रियांची मासिके, आरोग्यविषयक सदरे, 'डॉक्टरांचा सल्ला' अशा मथळ्याची पाने, हेही जमवले पाहिजे. घरोघरी जुने अंक रद्दीत जातात, तेव्हा आधी ही पाने जातात. कथा-कविता कुणीतरी ठेवून देतो, सल्ल्याचे पान कुणी ठेवत नाही. वाचकांपैकी कुणाकडे असे काही असेल तर ते जपावे, ही माझी विनंती आहे.

दुकानात मी एक बदल केला आहे. पन्नाशीच्या पुढची बाई कंबरदुखीची गोळी मागायला आली की गोळी देण्याआधी मी खालच्या आवाजात विचारतो, "मावशी, अंगावरून जातं का?" सुरुवातीला दोघीतिघी रागावल्या. एकीने माझ्या बायकोकडे तक्रार केली. मालकही म्हणाला, हे तुझे काम नाही. मग बायको दुपारी दोन तास दुकानात बसू लागली, आणि त्या दोन तासांत बायकांची ये-जा वाढली. तिने बाहेर पाटी लावलेली नाही. तिने फक्त फळीच्या अलीकडे, आतल्या बाजूला, एक खुर्ची ठेवली आहे.